डोलीचा मागचा गडी

"आजोबा, शून्य म्हणजे सगळ्यात वाईट तब्येत आणि शंभर म्हणजे सगळ्यात चांगली. तर आज तुमची किती?"

"एकशे धा," मी म्हणालो.

पारावर हशा पिकला. मुलगी मात्र हसली नाही. तिच्या हातात पाटीएवढा टॅब होता आणि तो एकशे दहा घ्यायला तयार नव्हता.

"शंभरच्या वर जात नाही, आजोबा."

"मग तुमचं यंत्र लहान हाय, बाई. त्याला मी काय करू?"

पुन्हा हशा. कार्ल्याच्या डोंगराखाली आमची वाडी आहे, तिथल्या शाळेपुढच्या पारावर त्या दिवशी तीस-बत्तीस माणसं बसली होती. सगळी साठीच्या पुढची, आणि सगळ्यांचे गुडघे गेलेले. गुडघे गेले होते म्हणूनच त्यांना बोलावलं होतं. आणि तीच माणसं मांड्या थोपटून हसत होती.

मुलीचं नाव प्रेरणा, राहणार तळेगाव. कुठल्याशा संस्थेकडून आली होती आणि आपलं काम तिने दोनदा समजावून सांगितलं होतं. सरकारी विम्याच्या कार्डावर कुठला इलाज घ्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवणारी एक समिती असते. डॉक्टर चांगलं म्हणाला म्हणून समिती घेत नाही. एका पारड्यात इलाजाचा खर्च आणि दुसऱ्यात त्याने माणसाचं जगणं किती सुधारतं ते, अशी ती दोन्ही पारडी बघते. खर्च कागदावर सापडतो. जगणं कुठे अडलंय ते मात्र माणसालाच विचारावं लागतं. या खेपेला तराजूत गुडघा होता. अख्खा गुडघा न बदलता झिजली असेल तेवढीच बाजू बदलायचं नवं ऑपरेशन निघालं होतं. वाडीने त्याचं नाव लगेच 'अर्धा गुडघा' ठेवलं.

"फक्त खरं सांगा," प्रेरणा म्हणाली होती. "वाढवून नको, लपवून नको."

आता मला खरं सांग म्हणणं म्हणजे म्हशीला झाडावर चढ म्हणण्यासारखं.

मी हौशीराम. एकतीस वर्षं कार्ल्याच्या डोंगरावर डोली वाहिली. मधे वेताची खुर्ची, तिला दोन बाजूंनी दोन बांबू, पुढे एक गडी आणि मागे एक. पायऱ्या पाचशेच्या आसपास, गिऱ्हाइकाला मी हजार सांगायचो. एका शेठजींना वर नेलं तेव्हा पायऱ्या चार बोटं खचल्या आणि त्या मोजायला दिल्लीहून माणूस टेप घेऊन आला, हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता मला टेपचा रंगसुद्धा आठवतो. पिवळा. एकदा गिऱ्हाईक आडोशाला गेलं, तेवढ्यात एक वानर त्याचा चष्मा लावून खुर्चीत बसलं. आम्ही ते थेट देवळापर्यंत नेलं. वर गेल्यावर त्याने घासाघीस केली नाही, तेव्हा कुठे मला संशय आला.

गिऱ्हाईक या गोष्टी ऐकत वर जायचं. खाली दरीकडे त्याचं लक्ष जायचं नाही. थापांचा एवढा उपयोग होता.

डोलीच्या पुढे असायचा भिकाजी. तो बोलायचा नाही. आमच्या दोघांच्या वाट्याला मिळून जे शब्द आले होते, ते सगळे मीच वापरले. खोटं तर त्याला येतच नसे. एका बाईने विचारलं, "काका, मी जड आहे का हो?" तर हा म्हणाला, "व्हय." त्या दिवशी चहासुद्धा मिळाला नाही.

डोलीचा एक नेम आहे. जो थकला त्याने थांब म्हणायचं नाही. पुढचा गडी थकला की त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागतात. त्याला स्वतःला त्या दिसत नाहीत, मागच्याला दिसतात. मग मागच्याने म्हणायचं, "थांब रं, मला दम लागलाय." डोली टेकवायची. पुढच्याने वर मागच्यालाच दोन शिव्या द्यायच्या. गिऱ्हाइकाला वाटतं मागचा म्हातारा झाला आणि पुढच्याची अब्रू राहते. मागचा थकला तर पुढच्याने त्याच्या श्वासावरून ओळखायचं आणि हेच करायचं. एकतीस वर्षांत मी किती वेळा दम लागलाय म्हणालो, त्याचा हिशोब नाही. त्यातला निम्म्याहून अधिक दम भिकाजीचा होता. माझ्या सगळ्या थापांत तेवढीच एक थाप अशी होती, की तिने कुणाचं तरी ओझं खाली उतरायचं.

पुढे गाड्या निम्म्या डोंगरापर्यंत जायला लागल्या, लोक निम्म्याच पायऱ्या चढायला लागले, आणि डोली बंद पडली. मी पारावर आलो. भिकाजी घरी बसला.

तर त्या दिवशीचं. प्रेरणाने खरं म्हणजे शाळेच्या खोलीत एक बाक आणि एक खुर्ची मांडली होती. एकेकाने आत यायचं, दार लावायचं आणि उत्तरं द्यायची, असा तिचा बेत होता. पहिला नंबर माझा. मी आत गेलो, खुर्ची उचलली आणि बाहेर आणून पारापुढे ठेवली.

"आजोबा, एकेकट्यानेच बोलायचं असतं."

"बाई, लपवायचं काय हाय त्यात? हितं समद्यांचं समद्यांला ठावं हाय. काय रं?"

"व्हय व्हय," पार म्हणाला.

ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा गप्प बसली. नवीन होती, आणि बत्तीस म्हाताऱ्यांपुढे एकटी.

आमच्याकडे कुणी परक्याने "कसं काय?" विचारलं, तर "बरं हाय" म्हणायचं असतं. घरात कितीही कण्हा, पण पाहुण्यापुढे बरं हाय. बंद दाराआड ते कदाचित सुटलं असतं; ती खुर्ची मी खोलीतून बाहेर आणली आणि प्रत्येकाला अख्ख्या पारादेखत पाहुण्यापुढे बसवलं.

माझा एकशे दहा झाल्यावर तिने वर्षांचा एक प्रश्न विचारला. "समजा, याच गुडघ्यांनी तुमच्यापुढे दहा वर्षं आहेत. दुसरीकडे चांगले गुडघे, पण वर्षं कमी. चांगल्या गुडघ्यांसाठी दहातली किती वर्षं सोडाल?"

"एक दिस सोडनार न्हाई. उलट यमाकडनं अजून धा उसनी घेईन, आन् फेडनार न्हाई!"

पाराने टाळ्या दिल्या. माझ्यानंतर भिकाजी.

तो काठी टेकत आला आणि खुर्चीत बसला. बसताना त्याने ओठ आत घेतले. प्रेरणाने हळू आवाजात विचारलं, "बाबा, स्वतःचं स्वतः आवरायला, म्हणजे अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, याला काही त्रास?"

भिकाजीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मी त्याच्या मागे पाराच्या कडेला बसलो होतो, म्हणजे माझ्या नेहमीच्याच जागी. धोतराखाली त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

मला त्या दिसल्या. दिसल्या नाहीत असं म्हणायची सोय आहे, आणि मी गेली दोन वर्षं तेच म्हणत आलो. पण दिसल्या. त्या वेळी पार माझ्या हातात होता, पुढचा हशा जिभेवर आला होता, आणि मी तो पारावर सोडला.

"भिक्याला काय इचारता, बाई? त्यो अजून वानर पाठीवर घिऊन वर जाईल!"

पार हसला. भिकाजीने वळून माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "न्हाई. तरास न्हाई."

"शंभरपैकी किती लिहू?"

"पंच्यान्नव लिवा."

"आणि वर्षं?"

"यक बी न्हाई. हौशा म्हंतो तसंच."

मग काय, पुढचे सगळे तसेच. सरूबाई, जिला पाटावर बसवायला दोन सुना लागतात, ती नव्वद म्हणाली. अंबाजी अठ्ठ्याण्णव. प्रेरणा बोटाने आकडे टिपत गेली. जाताना म्हणाली, "निकाल लागला की सांगायला येईन." आम्हाला वाटलं, अशा पुष्कळ येतात आणि सांगून जातात.

ती आली. दोन वर्षांनी, यंदा होळीच्या आधी. याच पारावर उभी राहून तिने कागद वाचून दाखवला. अर्धा गुडघा सध्या कार्डावर येणार नाही. तीन वर्षांनी पुन्हा विचार होईल.

"का पर?" मी विचारलं.

"सहा जिल्ह्यांत विचारलं होतं. खर्चाच्या मानाने फायदा कमी दिसला. अगदी थोडक्यात राहिलं." ती जरा घुटमळली. "मावळातून तर असं दिसलं, की इथे गुडघ्याचा फारसा त्रासच नाही. आमचे सर म्हणाले, डोंगराची हवा असेल."

हसण्यासारखं होतं. कुणी हसलं नाही. सरूबाईने गुडघ्यावर पदर ओढला, जणू तो उघडा पडला होता. अंबाजी जमिनीकडे बघत राहिला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि ते मला चांगलंच कळलं.

भिकाजी पारावर नव्हता. वर्षभर तो येतच नव्हता. प्रेरणाने त्याच्या नावाचा निकालाचा कागद माझ्याकडे दिला. "ते तुमचे जोडीदार ना? त्यांना द्याल?"

भिकाजीचा मुलगा अतुल तळेगावला कारखान्यात आहे, पाळीवर असतो. दारात सून भेटली, तेजल.

"भिक्या कुटं हाय?"

"मागं गेल्यात. आबा, तुमी जरा हितंच बसा. येतील ते."

मला कुणाच्या घरात बस म्हणून ऐकायची सवय नाही. "त्याच्याकडं मला कसली परवानगी?" म्हणत मी घराला वळसा घालून मागे गेलो.

मागे पत्र्याचा आडोसा केलेला होता. त्यात आमची डोली होती.

बांबू कापून टाकले होते. नुसती खुर्ची. ही खुर्ची मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलीय आणि खाली माझं नाव कोरलंय, भिकाजीचंही कोरलंय पण जरा बारीक, असं मी पारावर कितीदा तरी सांगितलं होतं. ती इथे होती. तिच्या वेताच्या बैठकीला मधोमध गोल भोक पाडलेलं होतं. कापलेला वेत टोचू नये म्हणून कडेने सायकलची ट्यूब गुंडाळली होती, एकेक वेढा ओढून ओढून, अगदी सुबक. भोकाखाली बादली. बाजूला टमरेल.

भिकाजी भिंतीला धरून दगडावर हात धूत होता. मी बघितलं ते त्याने बघितलं.

"खाली बसाय येत न्हाई," तो म्हणाला. "तीन वर्सं झाली. पयलं अतुल धरायचा. त्याची रातपाळी आसली की..." त्याने हनुवटी घराकडे केली. सुनेचं नाव घेतलं नाही. "तिनं कदी त्वांड वाकडं केलं न्हाई. पर मलाच... मग मी खुर्ची कापली."

मला बोलता येईना, हे वाडीत कुणाला सांगितलं तर तीही थाप वाटेल.

"तुला इचाराय पायजे व्हतं," भिकाजी म्हणाला. "निम्मी तुजी व्हती."

माझ्या हातात कागद होता. त्याने कागदाकडे पाहिलं.

"न्हाई झालं ना?"

"न्हाई."

"बरं," तो म्हणाला आणि टॉवेलला हात पुसले.

तीन वर्षं झाली, म्हणाला. म्हणजे पारापुढच्या खुर्चीत बसला होता, त्याच्याआधी वर्षभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने तळेगाव गाठलं. प्रेरणाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना माझेही गुडघे बोलले, पण त्यांना कोण विचारतंय.

"बाई, माझं त्ये एकशे धा खोडा," मी म्हणालो. "चाळीस लिवा. तीस लिवा. सकाळी उटून उभं ऱ्हायला मला खिडकीचा गज लागतो. समदं सांगतो, बसा लिवाय."

तिने मला पाणी दिलं. "आजोबा, तुमचं उत्तर आम्ही धरलंच नव्हतं."

"म्हंजी?"

"उघड उघड गंमत केलेली उत्तरं बाजूला काढतात. तुमचं त्याच दिवशी काढलं."

"मग?"

"बाकीच्यांची खरी वाटली. ती धरली."

मी पाण्याचा पेला धरून बसलो. माझी थाप त्या यंत्रालासुद्धा पहिल्या दिवशी ओळखता आली. खोटी ठरून ती सुटली. आणि ज्याने जन्मात खोटं सांगितलं नाही, त्याचं पंच्याण्णव खरं म्हणून पुढे गेलं, पुण्याला, मुंबईला, आणि त्याने अर्ध्या गुडघ्याच्या फायद्याचं पारडं हलकं केलं.

"तीस जणांची उत्तरं इतकी सारखी आली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती," प्रेरणा म्हणाली. ती टेबलाकडे बघत होती. "तुम्ही खुर्ची बाहेर आणलीत, तेव्हाच मी काम थांबवायला हवं होतं. सगळ्यांसमोर विचारलं, हे मी अहवालात लिहिलंसुद्धा नाही. आता लिहून देते. पुढच्या वेळी घरोघरी जाऊन एकेकट्याला विचारतील."

"पुडच्या येळी कदी?"

"तीन वर्षांनी."

भिकाजी एकाहत्तरचा आहे.

संध्याकाळी मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. खुर्ची बाहेर कुणी आणली, पोटऱ्या कुणाला दिसल्या, दिसूनही कोण बोललं. मीठमसाला न लावता. अशी गोष्ट सांगायची मला सवय नाही, त्यामुळे ती लवकर संपली.

भिकाजीने ऐकून घेतलं. तंबाखू मळली, चिमूट मला दिली.

"त्वांड माझं व्हतं," तो म्हणाला. "बोललो मी."

"पर खरं काय सांगनार व्हतास? वर्सांचं? धातली किती सोडनार व्हतास?"

आत तेजल भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. ती ऐकत असावी.

"आठ," भिकाजी म्हणाला.

"आठ?"

"दोन ठिवली आसती. आपलं आपलं उटायची-बसायची दोन वर्सं लय झाली की."

भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

जरा वेळाने तोच म्हणाला, "मला वर जायचंय येकदा. देवीला."

"डोली..." मी म्हणालो आणि जीभ चावली. "अतुलला सांगू. निम्म्यापर्यंत गाडी जाती."

"पायीच जायचं. खालनं. गुडघा काय आता यायचा न्हाई. हाय त्यावर जाऊन येतो."

चैत्राची यात्रा उरकून गर्दी ओसरल्यावर एका बुधवारी आम्ही निघालो. पहाटे सुरुवात केली, तेजलने बरोबर दशम्या दिल्या. भिकाजी पुढे, मी मागे. ठरवलं नव्हतं, पाय आपोआप तसे पडले. दुकानदारांनी ओळखलं. एक जण ओरडला, "काय हौशीरामभाऊ, डोली कुटं?" एरवी मी त्याला मुंबईचं संग्रहालय ऐकवलं असतं. मी मान हलवून पुढे गेलो.

भिकाजी कठड्याला धरून चढत होता. आधी उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर. मग पुढची पायरी. गाड्या थांबतात तो टप्पा ओलांडला. तिथून चढ उभा लागतो. ऊन अंगावर आलं. आणखी चाळीस-पन्नास पायऱ्या झाल्या असतील, तेव्हा त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. पूर्वी त्या घट्ट होत्या, दोरखंड पिळल्यासारख्या. आता कातडं सैल झालं होतं आणि आत काहीतरी एकटंच धडपडत होतं.

मी मोठ्याने म्हणालो, "भिक्या, थांब रं. मला दम लागलाय."

त्याने ऐकलं. ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण त्याची मान डावीकडे किंचित कलली, डोलीत कलायची तशी. मी शिव्यांची वाट बघितली.

त्याने शिव्या दिल्या नाहीत आणि तो थांबला नाही. उजवा पाय वर ठेवला. डावा त्याच्या शेजारी आणला. मग पुढची पायरी.

मी मात्र दम लागलाय म्हणालो होतो. म्हणून नेमाप्रमाणे तिथेच उभा राहिलो.

खालून एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आली. पुण्याकडची असावी. माझ्याजवळ थांबून तिने घाम पुसला.

"आजोबा, अजून किती पायऱ्या राहिल्या हो?"

"दोनशे एकोणीस," मी म्हणालो. एकही वाढवली नाही.

ती वर गेली. वळणाच्या जरा अलीकडे तिने भिकाजीला गाठलं आणि वाट मिळेना म्हणून ती त्याच्या मागे थांबली. त्याने कठडा सोडला, अंग चोरून तिला जागा करून दिली, आणि ती पुढे जाईपर्यंत कशालाही न धरता सरळ उभा राहिला.